धुरजड आणि उलाळ : जड मोटारसायकल वाहून नेण्याचे शास्त्र



स्वतः धावण्यासाठी घडविलेले वाहन दुसऱ्या वाहनामागे बांधून न्यावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विपरीत वाटते. अमेरिकेत मात्र ती नित्याची गोष्ट आहे. साउथ डकोटा राज्यातील स्टर्जिस येथे १९३८ साली सुरू झालेल्या मोटारसायकलस्वारांच्या मेळ्याला पुष्कळजण मोटारीने येतात आणि आपली मोटारसायकल ट्रेलरवर घालून आणतात. कोणाचे वय झालेले असते, कोणाची पाठ दुखते, कोणाबरोबर मुलेबाळे असतात.

या मोटारसायकली किती जड असतात, हे प्रथम ध्यानी घ्यावे. होंडा कंपनीने १९७५ मध्ये ‘गोल्ड विंग’ बाजारात आणली. १९८८ च्या आवृत्तीस सहा सिलिंडरांचे इंजिन मिळाले, आणि ती मागे सरकविण्यासाठी स्टार्टर मोटरचे साहाय्य देण्यात आले. असे वाहन सुमारे ४०० किलोग्रॅम भरते.

घडीचा ट्रेलर रिकामा असताना दुमडून भिंतीशी उभा करता येतो. लहान घरातही त्याची अडचण होत नाही. परंतु जी बिजागरी ही सोय देते, तीच त्याच्या सांगाड्यातील नाजूक जागा होय. म्हणून भार चढविण्यापूर्वी तिच्या खिळी पूर्ण बसल्या आहेत ना, हे हाताने चाचपून पाहावे. शिवाय अशा ट्रेलरची चाके बहुधा लहान असतात. त्याच वेगाला ती मोटारीच्या चाकांपेक्षा अधिक फेरे घेतात, त्यांचे बेअरिंग लवकर तापते, आणि वंगण संपले तर वाटेतच दगा देते.

आता मुख्य प्रश्न भाराच्या तोलाचा. आपल्या बैलगाडीवानांनी यासाठी दोन नेमके शब्द घडविले आहेत. पुढे अधिक भार असलेली गाडी धुरजड आणि मागे अधिक भार असलेली उलाळ. भाषांतर करताना मला याहून चांगले शब्द सापडले नाहीत. ट्रेलर किंचित धुरजड असावा लागतो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडदांडीवर यावा, असा अमेरिकेतील सर्वसाधारण दंडक आहे. ट्रेलर १५० किलोग्रॅमचा धरला, तर मोटारसायकलीसह एकूण वजन ५५० होते आणि दांडीवर ५५ ते ८२ किलोग्रॅम भार यावयास हवा. उलाळ ट्रेलर ठराविक वेगापलीकडे शेपटीसारखा डोलू लागतो. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि अखेरीस तो पुढील मोटारीलाही फरफटत नेतो. अशा वेळी वेग वाढवून ट्रेलर सरळ करण्याचा मोह घातक ठरतो. सुकाणू स्थिर धरावे, प्रवेगक हलकेच सोडावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा.

मोटारसायकल बांधण्याचीही रीत आहे. पुढचे चाक खोबणीत घट्ट बसवावे. चार पट्टे चार दिशांना ताणावेत, पुढचे दोन पुढे व बाहेर, मागचे दोन मागे व बाहेर. पुढील स्प्रिंगा काहीशा दबल्या पाहिजेत. मग खड्ड्यात गचका बसला तरी पट्टे सैल पडत नाहीत. बाजूचा स्टँड वर उचलून ठेवावा. सुरक्षा-साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देत अडकवाव्यात, म्हणजे जोड निखळला तरी दांडी जमिनीत रुतण्याऐवजी त्यांच्यात झेलली जाते. थोडे अंतर कापल्यावर थांबून सर्व पट्टे पुन्हा तपासावेत.

वेगाची मर्यादा कायद्यानेही घातली आहे. ट्रेलर ओढणाऱ्यास कॅलिफोर्नियात ताशी ५५ मैल, तर ब्रिटनच्या मोटारमार्गांवर ६० मैलांपलीकडे जाता येत नाही. हे निर्बंध केवळ चालकासाठी नाहीत. सुटलेला ट्रेलर कोणाच्या अंगावर जाईल, हे कोणीच सांगू शकत नाही. मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचा जीव त्या चार पट्ट्यांवर आणि एका खिळीवर अवलंबून असतो, आणि ती तपासण्यास पाच मिनिटे पुरतात.