नाव बदलावे, माग पुसू नये
(पंचायत सचिव, तलाठी व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नावांचा घोळ आपल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांना नवा नाही. आपण पेडणे म्हणतो, रोमी लिपीतील कागदावर ते ‘पेर्नेम’ होते. डिचोलीचे ‘बिचोलिम’ आणि हरमलचे ‘आरांबोल’ होते. नार्व्याची हकीकत तर फारच बोधप्रद आहे. श्रीसप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडी बेटावरील नार्वे येथे होते. पोर्तुगीज अमलात ते देवालय उद्ध्वस्त झाले, देव नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूस आला आणि तेथेही नार्वे हेच नाव रूढ झाले. त्या देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी 1668 साली करविला. अशा रीतीने एक नार्वे तिसवाडीत आहे आणि एक डिचोलीत. केरी तर पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. माणूस संदर्भाने ओळखतो. संगणक केवळ अक्षरे ओळखतो.

आज पंचायतींतून व शाळांतून जुन्या नोंदवह्या स्कॅन करून संगणकात ठेवल्या जातात. यंत्र त्या फायलींना ‘स्कॅन 0001’, ‘स्कॅन 0002’ अशी नावे देते. ती बदलावीच लागतात. एकेका फाईलवर जाऊन नाव बदलत बसले तर दिवस पुरत नाही. म्हणून आज्ञा टंकून काम करण्याची जुनी पद्धत अजूनही उपयोगी पडते. विंडोजमध्ये आर-ई-एन या तीन अक्षरांची आज्ञा आहे, लिनक्समध्ये एम-व्ही या दोन अक्षरांची. आज्ञेपुढे आधी जुने नाव, मग नवे नाव लिहावयाचे. नावात मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत घालावे. फाईलप्रमाणेच फोल्डरचेही नाव असे बदलता येते.

परंतु या दोन आज्ञांच्या स्वभावात मोठा फरक आहे. नवे नाव त्या फोल्डरात आधीच असेल तर विंडोजची आज्ञा अडून बसते. लिनक्सची आज्ञा मात्र सर्वसाधारणपणे काही न विचारता जुन्या फाईलच्या जागी नवी बसवते आणि जुनी नाहीशी होते. आज्ञेसोबत उणे चिन्ह व ‘आय’ हे अक्षर लिहिले, तरच ती आधी परवानगी विचारते. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. दोन्ही नार्व्यांचे कागद एका फोल्डरात आणताना मी दोहोंना ‘नार्वे’ एवढेच नाव दिले. पडद्यावर तक्रार उमटली नाही, म्हणून काम फत्ते झाले असे समजलो. सायंकाळी मोजदाद केली तेव्हा एक फाईल कमी भरली. मूळ कागद कपाटात शाबूत होता, म्हणून निभावले. पण ज्या कागदाला पावसाळ्याची ओल किंवा वाळवी लागून गेली आहे, त्याची संगणकातील प्रत हाच एखाद्या कुटुंबाच्या वारसाहक्काचा शेवटचा आधार असू शकतो.

यासाठी काही पथ्ये पाळावीत. प्रथम संपूर्ण फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवावी, कारण आज्ञा टंकून केलेला बदल मागे घेण्याची सोय तेथे नसते. नंतर जुने नाव व नवे नाव अशा दोन रकान्यांची यादी करावी, नवे नाव दोनदा आलेले नाही हे पाहावे, आणि त्या यादीवरूनच आज्ञा तयार कराव्यात. नावात तालुका, गाव आणि वर्ष या क्रमाने लिहावे. एक, दोन असे आकडे 01, 02 असे लिहावेत. नाहीतर पुष्कळदा दहा हा आकडा दोनच्या आधी येऊन बसतो. सर्व्हे नंबर 45/2 यातील तिरपी रेघ फाईलच्या नावात चालत नाही, तेथे आडवी रेघ घालावी. टिंबानंतरची ‘पीडीएफ’ यांसारखी अक्षरे बदलू नयेत. काम संपल्यावर फायली मोजाव्यात आणि दोन-चार उघडून पाहाव्यात.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव बदलते तेव्हा जमीन जागची हलत नाही, आणि फेरफाराचा क्रमांक नोंदलेला असतो, म्हणून मागचा माग काढता येतो. संगणकातील फाईलचेही तसेच आहे. नाव बदलल्याने आतील मजकूर बदलत नाही; पण जुन्या नावाने तिचा शोध घेणारा माणूस मात्र रिकाम्या हाती परत जातो. म्हणून ती दोन रकान्यांची यादी त्याच फोल्डरात जपून ठेवावी. ती आपली फेरफाराची वही होय. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आज्ञा शिकविताना ही वहीदेखील ठेवावयास शिकवावे, एवढीच माझी विनंती आहे.