नक्कल मागा
(उरण इथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



कविता ऐकायला आला असाल तर आज नाय. आज पोलीस ठाण्यातल्या कागदावर बोलायचंय. आपल्या वस्तीवर कोण लिहितो? पेपरवाला येत नाही, साहित्यिक येत नाही. येतो हवालदार. तो लिहितो. आणि त्याने आपल्याबद्दल काय लिहिलं ते आपल्यालाच ठाऊक नसतं.

आपल्याच जिल्ह्यातलं महाड घ्या. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पण पाण्यावरचा हक्क शाबीत व्हायला कोर्टात कागद झुंजला. स्पृश्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये दावा ठोकला, हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. वर्षानुवर्षांची वहिवाट सांगत होते, ती सिद्ध करता आली नाही. तिकडे सरकारचे पोलीस या चळवळीच्या सभा टिपून घेत होते. कोण बोललं, काय बोललं, किती जमले. हे गुप्त अहवाल आपल्या बापजाद्यांना कुणी दाखवले? १९८२ साली राज्य सरकारने बाबासाहेबांच्या चळवळीची साधनं छापली, तेव्हा त्यांतले उतारे आपल्या हाती आले. बोलणारे गेले, ऐकणारे गेले, मग नक्कल मिळाली. आपण एवढं थांबायचं नाही.

मी बंदरात काम करतो. कंटेनर हलला की त्याचा नंबर लिहितात, सीलचा नंबर लिहितात, गेटवर कागद बघतात. लोखंडाच्या पेटीचा एवढा हिशेब. आणि आपला माणूस मार खाऊन ठाण्यात गेला की त्याला म्हणतात, ‘जा, बघतो.’ माझ्याबरोबरच्या एका कामगाराला जातीवरून शिव्या देऊन मारलं. ठाण्यात त्याची एनसी घेतली, म्हणजे अदखलपात्र. त्यात कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपासच करत नाहीत. हा गडी महिनाभर सांगत फिरला, ‘केस केलीय.’ हातात चिठ्ठी होती, ती कुणी वाचली नव्हती. म्हणून पहिलं काम, कागदावर एनसी आहे की गु.र.नं. आहे ते बघा. गुन्हा रजिस्टर नंबर नसेल तर गुन्हा दाखल नाही. झालं एवढंच की तुम्हाला घरी पाठवलं.

आता कायदा ऐका. मी मॅट्रिक आहे, मला कळला तर तुम्हालाही कळेल.

एफआयआरची नक्कल फिर्यादीला फुकट द्यायची, हे १९७३ च्या फौजदारी संहितेतही होतं. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम १७३ मध्ये फिर्यादी किंवा पीडित, दोघांनाही ती फुकट आहे. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. घेत नसतील तर लेखी तक्रार टपालाने वरिष्ठांकडे, तिथेही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांत तुम्हाला कळवायचं, हेही त्यांच्यावर बंधन आहे.

अ‍ॅट्रॉसिटी कायदा याहून पुढे जातो. तोंडी फिर्याद लिहून घेतली की सही घेण्याआधी ती वाचून दाखवायची आणि नक्कल लगेच हातात द्यायची. अधिकाऱ्याने मुद्दाम कसूर केली तर तोच गुन्हेगार. ‘आधी चौकशी करू, मग गुन्हा नोंदवू’ ही सबब २०१८ च्या दुरुस्तीने काढून टाकली. म्हाताऱ्या आईला अंगठा लावायला सांगतील तेव्हा तुम्ही शेजारी उभे राहा. म्हणा, ‘साहेब, आधी वाचा.’

सुप्रीम कोर्टाने ७ सप्टेंबर २०१६ ला सांगितलं, एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाका. लैंगिक गुन्ह्यांसारखे नाजूक गुन्हे यातून वगळले, ते बरोबरच. पीडित बाईचं नाव चव्हाट्यावर आणणं ही चळवळ नव्हे. आरोपपत्र मात्र वेबसाइटवर मिळणार नाही, असा याच कोर्टाचा २०२३ चा निकाल आहे. ते कोर्टातून मिळवायचं.

बाकीच्या कागदांसाठी २००५ चा माहितीचा अधिकार. साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही माफ. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांत. ‘सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. लिहा, अमुक तारखेची ठाणे दैनंदिनीतली नोंद द्या, माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली ते द्या. तीस दिवसांत उत्तर हवं. माणसाच्या जिवाचा, स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत.

ते म्हणतील, ‘तपास चालू आहे, देता येत नाही.’ कलम ८ मध्ये ती सवलत आहे, खोटं नाही. पण नक्कल दिल्याने तपासाला अडथळा येत असेल तरच. नुसता तपास चालू आहे म्हणून नकार देता येत नाही, असं दिल्ली हायकोर्टाने २००७ मध्येच म्हटलंय. अडथळा कसा येतो ते लेखी मागा. नकार आला तर तीस दिवसांत पहिलं अपील, तिथेही नकार आला तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोग. तपास अधिकाऱ्याची केस डायरी मागण्यात वेळ घालवू नका, ती आरोपीलाही देत नाहीत.

आणि पत्ता नीट घाला. उरण, न्हावा-शेवा, मोरा ही ठाणी रायगड जिल्ह्यात असून नवी मुंबई पोलीस आयुक्तांच्या हाताखाली आहेत. मांडवा, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, महाड अलिबागच्या पोलीस अधीक्षकांकडे. चुकीच्या दारात अर्ज पडला तर पाच दिवसांत तो योग्य दारी पाठवणं त्यांचं काम, पण आपण कशाला वेळ द्यायचा?

कुणी म्हणेल, कागदाने काय होतं, दगड उचला. दगड उचलल्यावर पंचनामा कोण लिहितो? तेच. कोर्टात उभा राहतो तो पंचनामा. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला याच उरण तालुक्यात जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. गोळी एका क्षणात सुटते. ती का सुटली हे नंतर कागदावर ठरतं, आणि तिथे आपलं कुणी बसलेलं नसतं.

म्हणून प्रत्येक वस्तीत एक फाईल करा. एनसी, एफआयआर, अर्ज, पोचपावती, तारखेवार. पोचेवर ठाण्याचा शिक्का घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. एकट्याने जाऊ नका, दोघं जा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. त्यांनी आपल्यावर लिहिलं, आता आपण त्यांच्यावर लिहू.

जयभीम.