उजेड अडवू नकोस

माझी आई ताथवड्यातल्या एका वृद्धनिवासात राहते. पूर्वी ताथवडे म्हटलं की नरसिंहाचं देऊळ आठवायचं. २००९ मध्ये गाव महापालिकेत गेलं, आता चहूकडे टोलेजंग इमारती आहेत. आईला स्मृतिभ्रंश आहे. रात्री-बेरात्री दार उघडून ती हमरस्त्याकडे चालू लागायची. दोनदा शेजाऱ्यांनी आणून सोडलं. तिसऱ्यांदा आम्ही निर्णय घेतला. नातेवाईक काय म्हणाले, ते सांगत बसत नाही.

या निवासात एक मंद उजेडाची खोली आहे. पाण्याच्या उंच नळीतून रंगीत बुडबुडे वर जातात, चमकत्या प्रकाशतंतूंचा झुबका हातात घेता येतो, हळू संगीत चालू असतं. कल्पना मूळची नेदरलँड्समधली. १९७०च्या दशकात यान हुल्सेखे आणि आद व्हेरहूल या दोघांनी बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी ती रुजवली. नाव ठेवलं 'स्नूझेलन' : हुंगणं आणि डुलकी घेणं, अशा अर्थाच्या दोन डच शब्दांची सांगड. पुढे ती वृद्धांपर्यंत आली.

यानं आजार बरा होतो का? नाही. २००२ साली कॉक्रेनच्या आढाव्यात, स्मृतिभ्रंशावर तिचा उपयोग सिद्ध करणारा पुरावा आढळला नव्हता. तेव्हा कुणी भारी फी सांगून चमत्काराची हमी देऊ लागलं, तर सरळ उठून यावं.

पहिल्या दिवशी आई बुडबुड्यांना घाबरली. "पाणी उकळतंय, गॅस बंद कर," म्हणत माझा हात ओढू लागली. मी आपला समजावत बसलो. सोबतच्या ताईंनी काही न बोलता नळीचं बटण बंद केलं. या खोलीचा नियमच तो. समोरच्याला काय रुचतंय ते बघायचं, आपण ठरवायचं नाही. परीक्षा घ्यायची नाही. 'मला ओळखलंस का?' हे तर मुळीच विचारायचं नाही. आणि मी दर भेटीत नेमकं तेच विचारत होतो!

"आजींचं माहेर कुठलं?" ताईंनी विचारलं. मावळातलं, भातशेतीचं, मी म्हटलं. पुढच्या रविवारी घरून सूप आणि चार मुठी आंबेमोहोर नेला. आईनं तांदूळ नाकाशी नेले, सूप मांडीवर घेतलं आणि पाखडू लागली. अर्धा तास! मध्येच थांबून नसलेले खडे वेचून बाजूला ठेवत होती. मी जवळ वाकलो, तर मला कोपरानं सरकवत म्हणाली, "उजेड अडवू नकोस."

खोलीत उजेड फारसा नव्हताच. मी सरकून बसलो.