येणारा माणूस काय धरून येतो

राज्यभरातून आलेल्या डिझायनर-डेव्हलपर मित्रमैत्रिणींनो,

स्वागत समितीच्या वतीने पुण्यात आपलं मनापासून स्वागत करते.

या सभागृहात सौंदर्यदृष्टीची वाण नाही. तरीही आपल्या वेबसाइटांवर माणसं अडतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी कारण नेमकं सांगितलं आहे: लोकांचा बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या साइटांवर जातो, म्हणून आपलीही तशीच चालेल, असं ते धरून येतात. लोगो दाबला की पहिलं पान उघडणार, ही सवय त्यांना आपण लावलेली नाही. ती मोडायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

ब्रिटन सरकारने २०१२ साली दोन जुन्या साइटांच्या जागी गव्ह डॉट यूके आणली. वापरणाऱ्याच्या गरजेपासून सुरुवात, हे ती बनवणाऱ्या चमूचं पहिलं तत्त्व. दिसायला अगदी साधी; तरी २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने तिला वर्षातील सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार दिला. या साइटवर जन्मतारखेसाठी तीन रिकाम्या चौकटी असतात: दिवस, महिना, वर्ष. आपल्याकडे बहुतेक वेळा देखणं कॅलेंडर उघडतं, तेही चालू महिन्यावर. १९५२ साली जन्मलेल्या आजींनी त्यात किती महिने मागे जायचं? तारीख त्यांना तोंडपाठ आहे. त्यांना ती फक्त लिहू द्या.

आपल्याकडेही चांगलं उदाहरण आहे. राज्य सरकारच्या महाभूलेख साइटवर सातबारा शोधताना आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि शेवटी गट नंबर येतो. शेतकरी आपल्या जमिनीचा ठावठिकाणा याच क्रमाने सांगतो. तो क्रम तसाच ठेवला, यात मोठा शहाणपणा आहे. रंग, अक्षरवळण, चित्रं यांत आपली आवड जरूर दिसू दे. पण बटण कुठे असावं, हे ठरवताना ती बाजूला ठेवावी लागते.

म्हणून यंदा दुपारच्या सत्रात भाषणं ठेवलेली नाहीत. जवळच्या गावांतले काही शेतकरी आणि ज्येष्ठ नागरिक तुम्ही-आम्ही बनवलेले फॉर्म आपल्यासमोर भरतील. त्यांचंही मी आदराने स्वागत करते. एकच विनंती: ते अडले तर लगेच सांगायला धावू नका. कुठे अडले, तेवढं लिहून घ्या. जेवणानंतर बरोबर दोन वाजता सुरुवात करू.