विक्रीसाठी बाहेरची मदत : केव्हा घ्यावी, किती घ्यावी

(ग्रामीण लघुउद्योजक व स्वयंसाहाय्य गटांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोकमाची फळे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. ती फोडणे, साली रसात बुडवून उन्हात वाळवणे, आगळ गाळून बाटल्या भरणे ही सारी कामे मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी उरकावी लागतात. नेमक्या त्याच दिवसांत काजूचा हंगाम असतो आणि लोणच्यासाठी कैऱ्याही उतरवायच्या असतात. अशा वेळी गटातील एखाद्या भगिनीने हातातले काम टाकून पणजी-म्हापशाच्या दुकानदारांकडे नमुने घेऊन हिंडावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. माल तयार होत असतो तेव्हा विकायला सवड नसते. आणि पावसाळा सरून पर्यटक येऊ लागतात तेव्हा दुकानाच्या फळीवर दुसऱ्याच कोणाची बाटली मांडलेली असते. गटाचे आगळ मात्र घरात पडून राहते. त्यात अडकलेला पैसा दहा-बारा घरांचा असतो.

यावर दोन टोकांचे उपाय सुचवले जातात. माल चांगला असला की गिऱ्हाईक आपण होऊन येते, असे जुनी माणसे सांगतात. विक्रीसाठी पगारी माणूस ठेवल्याखेरीज धंदा वाढत नाही, असे नव्या पिढीतले कोणी सांगतात. या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे. विपणनाचे काम जाणणाऱ्या बाहेरच्या व्यक्तीची वा संस्थेची मदत लागेल तेवढीच, लागेल तेव्हाच आणि ठरलेल्या मोबदल्यात घेणे, हा तो मार्ग होय.

तो नवा नाही. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातूनच पुढे लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली. पहिल्या दिवशीचे पापड त्या भगिनींनी दारोदार फिरून विकले नाहीत. ते भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे दिले. लाटण्याचे काम त्यांचे आणि विकण्याचे त्याचे, अशी ती साधी वाटणी होती.

वडोदऱ्याजवळच्या आणंदचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाची नोंदणी 14 डिसेंबर 1946 रोजी झाली. त्रिभुवनदास पटेल यांचे नेतृत्व आणि डॉ. वर्गीस कुरियन यांचे व्यवस्थापन लाभलेल्या या संघाच्या लोण्यापुढे पोल्सनच्या लोण्याचे आव्हान होते. पोल्सनचे नाव शहरी ग्राहकांच्या जिभेवर रुळलेले होते. 1966 साली, म्हणजे स्थापनेनंतर वीस वर्षांनी, अमूल लोण्याच्या जाहिरातीचे काम मुंबईच्या एका जाहिरात संस्थेकडे सोपवण्यात आले. तेथील सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या झग्यातील ती खट्याळ मुलगी घडवली आणि मुंबईच्या रस्त्यांवरील फलकांवरून ती घरोघरी परिचित झाली. कुरियन यांनी या मंडळींना मोठी मोकळीक दिली. प्रत्येक फलक आधी मंजुरीसाठी पाठवावा असा आग्रह धरला नाही.

मात्र याच कथेचा दुसरा भाग पुष्कळदा सांगायचा राहून जातो. दूध गोळा करणे, त्याची प्रत तपासणे, शेतकऱ्याला द्यावयाचा भाव ठरवणे यांपैकी काहीही बाहेर सोपवले गेले नाही. पुढे गुजरातेत एकाहून अधिक जिल्हा संघ उभे राहिले. त्यांनी एकमेकांशीच स्पर्धा करू नये म्हणून 1973 साली विक्रीसाठी सर्वांचा मिळून एक राज्यव्यापी महासंघ स्थापन झाला. म्हणजे जाहिरातीची कला बाहेरून घेतली आणि विक्रीची यंत्रणा स्वतःच्या मालकीची उभारली. बाहेरची मदत घेताना सीमारेषा कोठे आखावी, हे यावरून कळते.

आता लहान गटाचा हिशेब पाहू. समजा, एका गटाची विक्री दरमहा सरासरी 60,000 रुपये आहे आणि कच्चा माल, बाटल्या, वाहतूक व मजुरी वजा जाता 12,000 रुपये उरतात. 15,000 रुपये पगाराचा माणूस ठेवला, तर पहिल्याच महिन्यात 3,000 रुपयांचा खड्डा पडतो. शंभर रुपयांच्या विक्रीमागे वीस रुपये उरतात असे धरले, तर केवळ हा पगार भरून निघण्यासाठी विक्री दरमहा 75,000 रुपयांनी वाढली पाहिजे. सध्याच्या विक्रीच्या दुपटीहून अधिक माल गटाला करता तरी येईल काय? याउलट अनुभवी माणूस वर्षातून चार महिने, महिन्याला सहा दिवस, दिवसाला 1,500 रुपये मानधनावर बोलावला, तर वर्षाचा खर्च 36,000 रुपये होतो. तो भरून काढण्यास वर्षाला 1,80,000 रुपयांची, म्हणजे दरमहा 15,000 रुपयांची जादा विक्री पुरते. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने स्वतःचे आकडे घालून पाहावेत. वहीचे एक पान पुरते.

तेव्हा बाहेरची मदत घेण्याची वेळ कोणती? काम हंगामी आहे, नव्या शहरात पाय ठेवायचा आहे, नवा पदार्थ बाजारात आणायचा आहे, किंवा वेष्टन व नाममुद्रा एकदाच पण नीट करून घ्यायची आहे, अशा प्रसंगी ती जरूर घ्यावी. मालाची चव घाण्यागणिक बदलत असेल किंवा मागणी आली तरी पुरवठा होणार नसेल, तर मात्र मुळीच घेऊ नये. ज्या दुकानात एकदा माल संपला आणि महिनाभर आला नाही, तेथे दुसऱ्यांदा शिरणे पहिल्याहून कठीण जाते. जाहिरात अशा वेळी उपकारक ठरण्याऐवजी दोष तेवढा चव्हाट्यावर मांडते. नियमित गिऱ्हाइकांशी बोलणे आणि तक्रारी ऐकणे ही कामेही परक्यावर टाकू नयेत. लोणचे खारट झाले, हे करणाऱ्या हाताला थेट कळलेले बरे.

लेबलावरील मजकुरासाठी तर बहुधा बाहेरच्या माणसाची गरजही नसते. गावातील शिक्षकांनी तो एकदा डोळ्यांखालून घातला, तरी निम्म्या चुका जागीच थांबतील. सुबक बाटलीवर अशुद्ध मराठी पाहून ग्राहकाच्या मनात मालाविषयीही शंका येते.

मोबदल्याच्या पद्धतीबाबत सावध असावे. केवळ कमिशनवर काम करणारा माणूस फुकट वाटतो, परंतु विक्रीचा आकडा फुगवण्यासाठी तो माल उधारीवर सोडतो आणि वसुली गटाच्या गळ्यात पडते. कमिशन द्यायचेच, तर ते पैसे हाती आल्यावर द्यावे. कामाचे दिवस, कोणत्या दुकानांशी बोलणी करायची, दरमहा कोणता अहवाल द्यायचा आणि एक महिन्याच्या सूचनेने करार कसा संपेल, एवढे एका कागदावर साध्या भाषेत लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

याहून महत्त्वाची बाब मालकीची आहे. नाममुद्रेची नोंदणी गटाच्याच नावाने असावी. गिऱ्हाइकांची यादी, छायाचित्रे, दूरध्वनीवरील व्यापारी खाती आणि त्यांचे परवलीचे शब्द गटाकडेच राहावेत. अन्यथा मदतनीस गेला की त्याच्यासोबत बाजारही जातो. भौगोलिक मानांकन लाभलेल्या मालाबाबत आणखी एक खबरदारी हवी. गोव्याच्या काजू फेणीला 2009 साली हे मानांकन मिळाले. पुढे खोल्याची मिरची, खाजे, मानकुराद आंबा, बेबिंका यांनाही ते मिळाले. हे नाव लेबलावर वापरण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. आकर्षक चित्र काढून देणाऱ्या माणसाला हे ठाऊक असेलच असे नाही, आणि जबाबदारी मात्र उत्पादकावर येते.

खर्चाचा भार एका गटाला पेलत नसेल, तर शेजारच्या तीन-चार गावांतील गटांनी मिळून एकच माणूस वाटून घ्यावा. एकाचे आगळ, दुसऱ्याचे लोणचे, तिसऱ्याचे खाजे अशा वेगवेगळ्या वस्तू असतील, तर आपसांत भांडणही लागत नाही आणि दुकानदारालाही एका फेरीत चार जिन्नस मिळतात. 2020 साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत अशा सामूहिक नाममुद्रेच्या व विपणनाच्या निम्म्या खर्चाची तरतूद करण्यात आली होती, ती एकत्र येणाऱ्यांसाठीच. अधिकारीवर्गाने अशा गटांची एकमेकांशी गाठ घालून दिली, तर प्रदर्शनात कापडी फलक लावण्यापेक्षा ते काम अधिक टिकेल.

पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. दुकानदार आपल्या फळ्या त्याआधीच भरून घेतात. म्हणून माणूस शोधणे, बोलणी आणि करार जुलैमध्येच उरकावे; ऑगस्टात पहिल्या दहा दुकानांत नमुने पोहोचवून पाहावेत; आणि चवथीच्या बाजारात किती बाटल्या गेल्या ते मोजून, करार पुढे चालवायचा की तेथेच थांबवायचा, हे गटाच्या बैठकीत ठरवावे.