मुलाचे ताट आणि घराची घडी



जैन घरातील सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘काय खायचे नाही?’ असे विचारले, तर तो अडखळत नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, मध, लोणी, रात्रीचे भोजन... ही यादी त्याला नवकार मंत्राइतकी पाठ असते. त्याच मुलाला ‘मग काय खायचे?’ असे विचारले की तो आईकडे पाहतो, आणि पुष्कळदा आईही क्षणभर थांबते. समाजाने त्यागाची परंपरा निष्ठेने जपली, हे गौरवाचेच आहे. परंतु त्या त्यागाशेजारी पूर्वी जे भरलेले ताट असे, ते मात्र नकळत रिते होत गेले. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ते ताट हा आहे.

अंबड परिसरातील कोणत्याही किराणा दुकानात आज ‘जैन’ असे ठळकपणे छापलेली पाकिटे मिळतात. त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की आत कंदमूळ आणि कांदा-लसूण नाही. मीठ किती, मैदा किती, साखर आणि तेल किती, हे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असते आणि ते सहसा कोणी वाचत नाही. शाळेच्या डब्यात असे पाकीट गेले की घर निश्चिंत होते. नियम पाळला गेला ना! धर्माचे नाव आरोग्याचा दाखला समजून वापरले जावे, ही मोठी फसगत आहे. आणि ती दुकानदाराने केलेली नसून घराने स्वतःच करून घेतलेली आहे.

तिचे परिणाम काल्पनिक नाहीत. २०१९–२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर बालकांपैकी सुमारे एकोणसत्तर बालकांत रक्तक्षय आढळला. हा केवळ दारिद्र्याचा प्रश्न आहे असे मानण्याचे कारण नाही. सुस्थितीतील घरेही त्यातून सुटलेली नाहीत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील गावांत माता व बालकांचा जो दीर्घकालीन अभ्यास चालविला, त्यात बहुसंख्य गर्भवतींमध्ये ‘बी-१२’ या जीवनसत्त्वाची कमतरता दिसून आली आणि तिचा संबंध पुढे मुलांच्या प्रकृतीशी असल्याचेही आढळले. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. शाकाहारी घराला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. दुधाचा पेला टाळून त्याच रंगाचे गोड पेय पिणाऱ्या जैन मुलाची काळजी म्हणूनच अधिक करावयास हवी.

आयुर्वेदाने बालकाचा विचार स्वतंत्रपणे केला आहे. त्याच्या आठ अंगांपैकी एक संपूर्ण अंग ‘कौमारभृत्य’ म्हणजे बालकाचे भरणपोषण हे होय. या विषयाचा प्रमुख ग्रंथ ‘काश्यपसंहिता’ हा नेपाळमध्ये सापडलेल्या खंडित पोथीवरून १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४० साली, सोलापूरहून आणखी एक ग्रंथ प्रकाशात आला, आणि त्याचे नाव फार थोड्या श्रावकांच्या कानावर असेल. तो म्हणजे नवव्या शतकातील जैन आचार्य उग्रादित्य यांचा ‘कल्याणकारक’. पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी त्याचे संपादन केले. चौदा पूर्वांपैकी बारावे जे ‘प्राणावाय’, त्याची परंपरा सांगणारा हा वैद्यकग्रंथ आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या सभेत वैद्यांसमोर मांसाहाराचे खंडन करणारे प्रकरणही त्याला जोडलेले आहे. परंतु केवळ खंडन करून उग्रादित्य थांबले नाहीत, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मद्य-मांस वगळल्यावरही रोग्याचे औषध आणि पथ्य कसे सिद्ध करावे, हे त्यांनी संपूर्ण ग्रंथभर मांडले. नकार दिला, तेथे पर्याय उभा केला. आजच्या जैन स्वयंपाकघराने नेमका हाच दुसरा भाग सोडून दिला आहे.

आयुर्वेद बालवयाचे टप्पे आहारावरून पाडतो. केवळ दुधावर असणारा तो क्षीरप, दूध व अन्न दोन्ही घेणारा क्षीरान्नाद आणि पुढे अन्नाद. आधुनिक वैद्यकही सहा महिने केवळ मातेचे दूध आणि त्यानंतर दुधासोबत मऊ अन्न सुरू करावे असेच सांगते. एका बाबतीत तर जैन आचार आणि आजचे बालरोगतज्ज्ञ यांचे आश्चर्यकारक ऐक्य आहे. नवजात बालकाला मध चाटविण्याची रूढी अनेक घरांत आहे. जैनांना मध अहिंसेच्या दृष्टीने वर्ज्य. आणि एक वर्षाखालील बालकाला मधातील जंतूंच्या बीजाणूंमुळे गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून डॉक्टरही तो देऊ नये असे बजावतात. बाळगुटी, सुवर्णप्राशन इत्यादी गोष्टी पाहुण्यांच्या सल्ल्याने किंवा जाहिरात वाचून करू नयेत. त्यासाठी शिकलेला वैद्य असतो.

आता ताटाकडे वळू या. आहारतज्ज्ञ सर्वांना सरसकट सांगतात, ‘मोड आलेली कडधान्ये द्या, पालेभाज्या द्या, आंबवलेले पदार्थ द्या.’ श्रावकाच्या घरी यांतील प्रत्येक गोष्ट अडते. अंकुरित धान्य अनंतकाय म्हणून अनेक घरे वर्ज्य मानतात. चातुर्मासात पालेभाजी सुटते. रात्रभर आंबवलेले पीठ वासी ठरते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते. मग माउली गोंधळते आणि पोळीवर साखर-तूप पसरून मोकळी होते. तसे करण्याचे कारण नाही. मूग, मटकी, चवळी मोड न आणता काही तास भिजवून शिजविली तरी त्यांतील प्रथिने कोठे जात नाहीत. वरणावर अर्धे लिंबू पिळले तर डाळीतील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते. याउलट जेवणासोबत चहा दिला तर ते अडते. आणि मुलाला बशीत चहा ओतून देणारी घरे अजूनही कमी नाहीत. तिथीच्या दिवशी गट्टे, मंगोडी, मुगाची डाळ, बेसनाचे पिठले हे उत्तम आहेत. केवळ पापडाच्या भाजीवर दिवस काढणे म्हणजे मात्र मिठावर दिवस काढणे होय. चातुर्मासात पालेभाजी नसली तरी दुधी, दोडका, पडवळ, घेवडा असतोच. शेंगदाणे-गुळाची चिक्की किंवा लाडू डब्यात गेला तर ‘जैन’ पाकिटाची जागा सन्मानाने भरून निघते. ज्या घरांत फाल्गुन चौमासीनंतर तीळ वर्ज्य असतात त्यांनी थंडीच्या महिन्यांत तिळगूळ हात आखडता न घेता द्यावा.

नाशिक जिल्ह्याचे मोठे भाग्य म्हणजे नागली. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांच्या डोंगरउतारांवर ती पिकते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा शहरांना तिची आठवण झाली. येथील आदिवासी घरांनी ती कधी सोडलीच नव्हती. शंभर ग्रॅम नागलीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम चुना म्हणजे कॅल्शियम असते. तेवढ्याच वजनाच्या दुधात ते सुमारे एकशेवीस मिलिग्रॅम असते. बाजारातील नागलीचे सत्त्व बहुधा मोड आणून केलेले असते. ज्यांना मोड वर्ज्य आहेत त्यांनी नागली धुऊन, वाळवून, मंद भाजून घरीच दळून घ्यावी आणि दुधात तिची लापशी करावी. पावसाळ्यात पीठ थोडेथोडेच दळावे. पिठाची मुदत सांगणाऱ्या पूर्वजांना बुरशीचे शास्त्र ठाऊक नसेल, पण दमट हवेतील पीठ त्यांनी नीट पाहिलेले होते.

बी-१२ची शंका असल्यास रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध द्यावे. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते, म्हणून गोळी किंवा पातळ औषध मागून घ्यावे. व्रताच्या नावाखाली उपचारच टाळणे मात्र मुलावर अन्याय करणारे आहे.

येथे एक नाजूक गोष्ट सांगणे क्रमप्राप्त आहे. पर्युषणात कोणाच्या लहानग्याने किती उपवास केले, याची चर्चा उपाश्रयाच्या पायऱ्यांवर होते, आणि ती ऐकणारे दुसरे लहान मूल घरी येऊन जेवण नाकारते. ज्यांना लंघन देऊ नये त्यांत आयुर्वेदाने गर्भिणी आणि वृद्ध यांच्यासोबत बालकही धरला आहे. वाढते शरीर साठ्यावर जगत नाही. बाह्य तपाचे सहा प्रकार आहेत आणि अनशन हा त्यांतील केवळ पहिला होय. दुसरे तप ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी खाणे. चौथे रसपरित्याग, म्हणजे आवडती चव सोडणे. मुलाने एक दिवस चॉकलेट सोडले तर तेही तपच आहे, आणि त्याचे कौतुक उपवासाइतक्याच मोठ्या आवाजात व्हावे.

आता प्रश्न वेळेचा. अंबडच्या औद्योगिक वसाहतीने शेकडो घरांना भाकरी दिली, आणि त्याच घरांची घड्याळे वेगवेगळी केली. वडील दुसऱ्या पाळीला असले की मध्यरात्रीच्या सुमारास परततात. मुलाचा शिकवणीवर्ग संध्याकाळी सात-साडेसातला सुटतो. डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास. म्हणजे ज्या ऋतूत भूक सर्वाधिक लागते, त्याच ऋतूत चौविहार सर्वाधिक कठीण होतो. सकाळीही तीच तऱ्हा. नवकारसी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी येते, म्हणजे थंडीत आठच्या सुमारास, आणि शाळेची गाडी त्याआधीच निघून जाते. २०२४ साली राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय घेतला. ज्या शाळेत तो पाळला जातो तेथे लहान मुलाला नवकारसी करून, पोटभर न्याहारी करून जाता येते. जेथे तसे नाही तेथे उपाशीपोटी गेलेले मूल दहा वाजता मधल्या सुट्टीत पहिला घास घेते. अशा मुलाकडून नवकारसीचा आग्रह शाळेच्या दिवशी धरावा की सुट्टीच्या, याचा विचार घरातील वडीलधाऱ्यांनी गुरुमहाराजांना विचारून जरूर करावा.

वेळ जुळत नाही तेव्हा पहिला बळी पंगतीचा जातो. मूल दूरदर्शन संचासमोर किंवा भ्रमणध्वनी हातात घेऊन जेवते. चरकाचार्यांनी भोजनाचा विधी सांगताना फार घाई नको, फार रेंगाळणे नको, मन अन्नात असावे असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एक तासाहून अधिक नसावा असे सांगितले. अनेक घरांत तो तास केवळ जेवण भरविण्यातच संपतो. जैन परंपरेत याला सुंदर शब्द आहे: जयणा. चालणे, बसणे, बोलणे, जेवणे, सारे जपून, लक्ष ठेवून. दशवैकालिक सूत्रात साधूला दिलेली ही शिकवण घरात डाळ निवडण्याच्या सुपापासून सुरू होते. आजीसमोर बसून मुगातला किडा हळूच बाजूला ठेवणारे मूल अहिंसा शिकते, आणि त्याच वेळी चाळीस मिनिटे एका जागी स्थिर बसणेही शिकते. पाणी गाळून, उकळून भरण्याचे काम दहा वर्षांच्या मुलाला, मोठ्यांच्या देखरेखीखाली, सहज देता येते. उकळलेल्या पाण्याने अतिसार आणि विषमज्वर किती घरांच्या उंबऱ्याबाहेर राहिले असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

थाळी धुऊन पिण्याची प्रथाही अशीच. ती आता लग्नाच्या जेवणावळीत वृद्धांपुरती उरली आहे आणि तरुण पिढी तिच्याकडे संकोचाने पाहते. ज्या मुलाला शेवटी आपलेच ताट धुऊन प्यायचे आहे, ते वाढून घेतानाच बेताने घेते. त्याला ‘अन्न टाकू नकोस’ असे निराळे सांगावे लागत नाही. आपली भूक किती, हे ते स्वतःच ओळखू लागते. आणि भूक ओळखता येणे हीच बालपणी लागलेली सर्वांत मोठी सवय आहे.

प्रत्येक घराला रोज सूर्यास्तापूर्वी एकत्र बसणे शक्य नाही, हे उघड आहे. पाळी बदलता येत नाही आणि शिकवणीची वेळही घराच्या हातात नसते. परंतु शिकवणीला जाणाऱ्या मुलाबरोबर पाच वाजता भाजी-पोळीचा छोटा डबा देणे हातात असते. वडिलांची साप्ताहिक सुट्टी ज्या वारी असेल, त्या दिवशी थंडीत साडेपाचला आणि उन्हाळ्यात साडेसहाला ताटे मांडणे हातात असते. त्या दिवशी डाळ मुलांनी निवडावी, लिंबू मुलांनी पिळावे, वाढायला मुलांनीच उभे राहावे, आणि थाळी धुऊन पिण्याचा आरंभ वडिलांनी करावा.