बैलांची वैरण

आमच्या गावी गुऱ्हाळ लागलं की मी चुलाणापाशी बसायचो. रस काढलेली चिपाडं वाळवून त्याच रसाखाली जाळायची; सरपण विकत आणायचं नाही. अब्बा मात्र हिशेबाला बसले की ऊस वाहणाऱ्या बैलांची वैरणही धरत.

मॉरिशसबद्दल वाचताना ते आठवलं. एकोणिसाव्या शतकात आपले मराठी मजूर तिथे उसाच्या मळ्यांत गेले. त्या बेटावर चिपाडाची वीज होते, पण गाळपाच्या हंगामात. तेल आणि कोळसा जहाजानंच येतो.

देशाच्या शंभर रुपयांच्या उत्पन्नामागे ऊर्जा किती लागली, असा एक हिशेब मांडतात. पर्यटनावर जगणाऱ्या बेटाचा आकडा त्यात सोज्ज्वळ दिसतो. कारण परदेशी जाणाऱ्या विमानांनी, जहाजांनी तिथे भरून घेतलेलं इंधन रूढ पद्धतीनं त्यात धरत नाहीत. पाहुण्यानं हॉटेलात दिलेला पैसा धरायचा, त्याला नेणाऱ्या विमानाचं तेल सोडायचं! अब्बांना हे पटलं नसतं.

जुलै २०२० मध्ये ब्राझीलकडे निघालेलं 'वाकाशिओ' जहाज मॉरिशसच्या प्रवाळावर चढलं. ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल सांडलं. हे इंधनही मॉरिशसच्या हिशेबातलं नव्हतं. मासेमारी मात्र त्यांचीच थांबली. लोकांनी कापडी पिशव्यांत उसाचं पाचट भरलं, त्याचे लांबच लांब बांध शिवून पाण्यात सोडले. कुणी आपले केस कापून दिले. पाचट तेल धरतं, हे मला गुऱ्हाळात कुणी सांगितलं नव्हतं.